कूळ लागेल म्हणून

आमच्या शेताला पाणी सगळ्यांत शेवटी मिळतं. व्हाळ, म्हणजे ओढा, डोंगराच्या बाजूने येतो. पावसाळा संपला की त्याला बांध घालायचा, अडवलेलं पाणी पाटात सोडायचं, आणि पाट एकेका शेताच्या कडेने उतरत उतरत आमच्यापर्यंत पोचायचा. लग्न होऊन डिचोलीजवळच्या या गावात आले तेव्हा मला याचं काही वाटलं नाही. शेवटी तर शेवटी, पाणी येतं ना? यायचंही. कारण वरची सगळी शेतं चालू होती. पावसाळ्यातलं भात कापलं की पुन्हा चिखल करून दुसरं भात घ्यायचं, त्याला आमच्याकडे वायंगण म्हणतात. वायंगणाला पाऊस नसतो, सगळा भरवसा पाटावर. आणि पाट एकट्याच्याने चालत नाही. आपल्या शेताकडेचा तुकडा आपण साफ ठेवायचा, हा कुठेही न लिहिलेला नियम सगळे पाळत असत.

मग एकेक शेत बंद पडत गेलं. दोष काढावा असं त्यात काही नव्हतं. मुलं शिकली, पणजीला नोकऱ्यांना लागली. खाणी जोरात होत्या तेव्हा काही जण सुर्ल्याकडे ट्रक चालवायला गेले. चिखलात उभं राहण्यापेक्षा ते बरंच. माझा नवरासुद्धा खाणीच्या वर्कशॉपमध्ये होता, नोकरी सोडून शेतात ये असं मी त्याला कधी म्हटलं नाही. माझं म्हणणं एवढंच होतं, की आपल्याला जमत नसेल तर दुसऱ्याला करू द्यावं. तेवढं मात्र कोणी करेना. का, म्हणून विचारलं की गावात एकच उत्तर मिळायचं.

"कूळ लागेल."

गोव्याबाहेर राहणाऱ्यांना हे समजायचं नाही, म्हणून सांगते. पूर्वी जमीन भाटकाराची असायची आणि ती कसणारा त्याचं कूळ. भात खळ्यात आलं की आधी भाटकाराचा माणूस येऊन वाटा मोजून नेणार. पुढच्या वर्षी शेत तुमच्याकडे राहील की नाही, ते त्याच्या मर्जीवर. मग कूळ कायदा आला आणि जो कसत होता त्याचा जमिनीवर हक्क झाला. आमच्या वाड्यावर ज्याच्या त्याच्याकडे जे शेत आहे ते असंच आलेलं आहे. माझ्या सासऱ्यांना तसंच मिळालं, त्यांच्या भावाला तसंच, पेडण्याला माझ्या वडिलांनाही तसंच. थोडक्यात, कसणाऱ्याच्या हातात जमीन जाते हे आमच्याइतकं पक्कं दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही. आणि म्हणूनच आम्ही आमच्या शेतात कोणाला पाय ठेवू देत नाही.

पाटाच्या मधोमध, आमच्या शेताला लागून, सगळ्यांत मोठं शेत आहे ते माझ्या चुलत दिरांचं. ते म्हापशाला फ्लॅटमध्ये राहतात, सरकारी नोकरीतून अलीकडेच निवृत्त झाले. त्यांच्या शेतात माणूस उभा राहिला तर दिसू नये इतकं गवत वाढलं होतं. त्या गवतात पाट बुजला. वरून सोडलेलं पाणी तिथेच पसरायचं, गवताला मिळायचं आणि संपायचं. दिवसभर त्या गवतात मोकाट गुरं बसायची आणि ऊन उतरलं की उठून आमच्या भातात शिरायची. मागचं वायंगण मी निम्मं पाणी शेंदून आणि निम्मं गुरं हाकून काढलं. घरच्या पेजेलाही ते नीट पुरलं नाही.

पावसाळी भाताची कापणी उरकली तेव्हा नवऱ्याने सांगून टाकलं.

"यंदा पाट चालू झाला नाही तर पॉवर टिलर विकायचा. गंजवत ठेवण्यात अर्थ नाही. सुर्ल्याचा एक जण मागतोय."

"आणि मग?"

"मग बसायचं. गावात एवढे लोक बसलेत, ते काय मेले?"

आमच्याकडचे बैल जाऊन जमाना झाला. टिलर गेला की शेती गेली. ऐन हंगामात भाड्याचा टिलर शोधत फिरून वायंगण होत नसतं. आणि मला बसायचं नव्हतं. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मी आमचे उकडे तांदूळ, अळसांदे, तांबडी भाजी घेऊन जाते. माझी बांधलेली गिऱ्हाइकं आहेत. मी एखाद्या शुक्रवारी दिसले नाही तर पुढच्या शुक्रवारी येऊन भांडतात. हे सोडून घरी टीव्हीसमोर बसायचं, हा विचारच मला पचत नव्हता.

त्याच सुमाराला आमच्या समोरच्या खोलीत भाड्याने राहणारी बाई माझ्याकडे विचारायला आली. ती दोडामार्गाकडची. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा, खाणी थांबल्यावर टेंपो चालवायला लागला. ती माझ्याकडे लावणीला, कापणीला रोजावर येते. हात झपाट्याने चालतो आणि तोंड त्याच्याही पुढे.

"वैनी, त्या मदल्या शेतात मी वायंगण करू?"

"शेत माझं नाही."

"ता माका म्हायत आसा. तुमी इचारा तेंका. अर्दा भात तेंका, अर्दा आमका. पाट मी साफ करतंय."

"ते म्हणतील, कूळ लागेल."

ती कमरेवर हात ठेवून हसायलाच लागली. "माजी सासू पण ताच म्हणता! गावाक आमची शेता पडीक आसत. शेजारी मागी होतो. सासू म्हणाली, नको, कूळ लागात. आता थंय रानडुकर कूळ लागलेत. तेंका काडून दाखव म्हणा!"

मग मी दिरांना विचारायचं ठरवलं. फोनवर विचारलं असतं तर त्यांनी फोनवरच नाही म्हटलं असतं. म्हणून आबांच्या कार्यक्रमापर्यंत थांबले.

आमच्या भागात कुळांच्या बाजूने जे पुढारी उभे राहिले, त्यांतले एक आबा. नाव वेगळं होतं, पण पेडण्यापासून डिचोलीपर्यंत सगळे त्यांना आबाच म्हणत. त्यांच्या स्मरणदिनाला आमच्या देवळाच्या मंडपात कार्यक्रम होतो. फोटोला हार, समई, भाषणं, मग शिरा आणि चहा. शिरा दर वर्षी माझ्याकडे असतो आणि मुख्य भाषण माझ्या चुलत दिरांकडे. ते बोलतात चांगलं, खोटं कशाला सांगू. त्यांच्या वडिलांना आबांनी कसा धीर दिला, भाटकाराच्या माणसापुढे मान वर करून कसं बोलायला लावलं, हे सगळं ते डोळ्यांसमोर उभं करतात. 'कसेल त्याची जमीन' इथे आवाज चढतो आणि टाळ्या पडतात. यंदाही पडल्या.

मी शिऱ्याची बशी त्यांच्या हातात दिली.

"भावजी, भाषण छान झालं. तुमचं शेत कोण कसतंय सध्या?"

"कोणी नाही." मग स्वतःच हसले. "गवत कसतंय."

"एक जण मागतेय. अर्ध्या वाट्याने."

"कोण?"

मी सांगितलं. त्यांचा चमचा बशीतच थांबला. "वहिनी, तू वेडी आहेस की काय? एकदा पाय ठेवला की तो निघत नाही. उद्या कूळ लागली म्हणजे?"

"तुमचे बाबा शेताचे मालक कसे झाले?"

"तेच तर सांगतोय! कसं होतं ते मला माहीत आहे. मी डोळ्यांनी बघितलंय."

"आत्ताच तर म्हणालात, कसेल त्याची जमीन."

"ते आबांचं म्हणालो. त्यांच्या काळातलं." त्यांनी उरलेला शिरा संपवला. "शिरा मात्र झकास झालाय हां."

त्यांची भीती अगदीच खोटी होती असं नाही. आमची घरं त्याच कायद्यावर उभी आहेत, तेव्हा तो कायदा दुसऱ्याच्याही कामाला येऊ शकतो हे ओळखणारा माणूस मूर्ख नव्हे. पण पाट बुजलेला होता, टिलर विकायला निघाला होता, आणि ती भीती बाळगून कोणाच्याच ताटात भात पडत नव्हता.

मंडपातल्या फोटोत आबा फार गंभीर दिसतात. पेडण्याला आमच्या घरी येणारे आबा मला आठवतात ते असे नव्हते. हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न, "पेज आहे काय गे?" पेज आणि भाजलेली सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, समोर ठेवली की ते खूश. जेवण झालं की बाहेर ओट्यावर आडवे व्हायचे आणि असे घोरायचे की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. तापटही होते. कोणी हात जोडून 'आबा, तुमच्यामुळे' असं सुरू केलं की म्हणायचे, "माझ्यामुळे काही नाही. तू बोललास म्हणून झालं." आणि खरंच, बोलणं हेच त्या वेळी सगळ्यांत अवघड काम होतं. मामलेदार साहेबासमोर उभं राहून 'ही जमीन मी कसतो' एवढं मोठ्याने म्हणायचं. अर्धी माणसं भाटकाराचा चेहरा बघून शब्द गिळायची. माझे वडील सांगायचे, त्यांची पाळी आली तेव्हा त्यांच्या तोंडाला कोरड पडली. आबा मागे उभे होते. त्यांनी वडिलांच्या दंडाला असा चिमटा काढला की ते ओरडलेच, आणि त्या ओरडण्यातच वाक्य बाहेर पडलं.

पण मला त्या वेळी फोटोखाली उभं राहून आठवला तो प्रसंग त्याच्या नंतरचा. जमीन मिळाली, मालकी आली, आणि काही वर्षांनी वडिलांना म्हापशाला एका गोदामात कायमची नोकरी लागली. ते आठवड्यातून एकदा घरी यायचे. शेत पडून राहिलं. बांद्याकडून आलेलं एक कुटुंब आमच्या वाड्यावर राहत होतं, त्यांनी शेत मागितलं. वडिलांनी साफ सांगितलं, देणार नाही, कूळ लागेल. ज्या माणसाला चिमटा काढून बोलतं करावं लागलं होतं, तोच.

हे आबांच्या कानावर गेलं. एका रविवारी ते आले. मी तेव्हा शाळेत होते. मला वाटलं, आता आबा भडकणार. पण ते पेज जेवले आणि वडिलांना म्हणाले, "चल, शेत दाखव." शेतात गेल्यावर एका मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसले. मीही मागोमाग गेले होते.

"भितोस?" आबांनी विचारलं.

"भितो," वडील म्हणाले.

"भी. भिऊ नकोस असं मी सांगणार नाही. भाटकारही असाच भ्यायचा. पण तू भीत भीत पेर. बी तुझ्या हाताने पडू दे. मेर तुझ्या पायाने फिर. आठवड्याला एक दिवस येतोस ना? तेवढा पुरे. मग बाकीच्या कामाला त्यांना घे आणि कामाचं भात दे. तू पेरलंस तर शेत तुझं, आणि त्यांच्या घरी तांदूळ जातील. पण घरात बसून मालकी सांगणार असशील, तर तुझ्यात आणि त्या भाटकारात फरक काय, ते मला सांग."

 वडिलांनी तोंड वाकडं करून त्या हंगामात पेरणी केली. बांद्याच्या कुटुंबाने बाकीचं सगळं केलं, आणि पुढेही ती माणसं गावी परत जाईपर्यंत बरीच वर्षं करत राहिली. कूळबीळ कोणी लागलं नाही. उलट त्यांच्याकडून सणाला घावणे यायचे.

पुढच्या शुक्रवारी बाजार आटोपून मी टोपली तशीच घेऊन दिरांच्या फ्लॅटवर गेले. त्यांनी चहा केला, सोबत पोई, आमच्याकडचा कोंड्याचा पाव, दिली. मी हा प्रसंग जसाच्या तसा सांगितला. आबांचं म्हटल्यावर ते ऐकतात.

"म्हणजे मी पेरायचं?" ते म्हणाले.

"तुम्ही."

"वहिनी, माझे गुडघे बघितलेस?"

"पेरायला हात लागतो, गुडघे नाही."

"चिखलात उभं तरी राहायचं ना!"

"मेरेवरून पेरा. जितकं जाईल तितकं."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी वकिलाला विचारतो."

"विचारा. पण वायंगण वकिलासाठी थांबत नाही. गवत कापून चिखल करायला हवा."

"ते दादाने केलं तर चालेल," ते लगेच म्हणाले. दादा म्हणजे माझा नवरा. "तो आपलाच. पण तिने मी सांगेपर्यंत शेतात पाय ठेवायचा नाही."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा समोरची बाई फणकारली. "पाय नको तर नको. पाटात ठेवलंय तर चलात ना? पाट काय तेंच्या बापाशीचो नाय." आणि दुसऱ्या दिवशी खोरं घेऊन ती पाटात उतरलीसुद्धा. दिरांच्या शेताच्या कडेने जो पाट बुजला होता तो तिने मोकळा केला, शेतात एक पाऊल न टाकता. गाळ मात्र उचलून उचलून शेतात फेकला. म्हणाली, गाळाक पाय नसतत.

नवऱ्याने गवत कापलं, टिलर घातला. दर फेरीला म्हणायचा, "हे विकण्याआधीचं शेवटचं." सुर्ल्याच्या माणसाला त्याने रविवारी संध्याकाळी बघायला बोलावलेलं होतं. वरच्या शेतांतल्या लोकांनी बांध घातला. पाणी सुटलं. आमचं बी मी भिजत घातलं आणि त्यासोबत दिरांच्या शेताचंही घातलं. भिजवलेलं बी गोणपाटाखाली ऊब देऊन ठेवायचं, मोड आले की त्याला थांबवता येत नाही. तेव्हाच पेरलं तर पेरलं, नाहीतर वाया.

"एवढं कोणासाठी?" नवऱ्याने विचारलं.

"कोंबड्यांसाठी," मी म्हटलं. दिरांचा फोन आला नसता तर ते खरंच झालं असतं.

आठवडा उलटला, शनिवारी संध्याकाळपर्यंत फोन आला नाही. मी दोनदा मोबाइल हातात घेतला आणि दोनदा ठेवला. मागे लागून आणलेला माणूस मेरेवरून परत जातो, हा माझा अनुभव आहे. रात्रीची जेवणं चालू असताना फोन वाजला.

"वहिनी, वकील म्हणाला, मालक स्वतः कसत असेल आणि मजुरी देऊन माणसं लावत असेल तर काही बिघडत नाही. पण पुरावा ठेवा म्हणाला. मी उद्या येतो. मी पेरताना कोणीतरी व्हिडिओ काढायला हवा."

कायद्याचं मला वकिलाइतकं कळत नाही. पण व्हिडिओ काढायला माणूस माझ्याकडे होता.

रविवारी सकाळी दीर स्कूटरवरून आले. डोक्यावर टोपी, पायात चालायला जाताना घालतात तसे पांढरे बूट. बूट मेरेवर काढून ठेवले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मी मोड आलेल्या बियाण्याची टोपली त्यांच्या हातात दिली. माझा नवरा शेजारच्या मेरेवर उभा होता. आणि व्हिडिओ काढायला उभी होती ती समोरची बाई. जी कूळ लागेल म्हणून हा सगळा खटाटोप, तीच ती लागली नाही याचा पुरावा गोळा करत होती. आमच्यापैकी कोणाच्या हे आधी लक्षातच आलं नाही. आलं तेव्हा नवऱ्याला हसू आवरेना, तो पाठ फिरवून खोकत राहिला.

"तोंड नीट दिसलं पाहिजे हां," दीर तिला म्हणाले.

"तोंड दिसता, सायबानू. हात दिसणत नाय. हात हलवा!"

दिरांनी मूठभर बी घेतलं आणि हलकेच पुढे टाकलं.

"अशी नको! लग्नात अक्षता टाकल्यासारखी. वाऱ्यार लांब फेका. हा! आता आणि एकदा. माजो फोन मदीच बंद पडलो, परत पेरा."

"परत पेरू? सगळं?"

"ह्या कोपऱ्यातला फक्त. पुराव्यात दिसाक नको?"

आधी ते मेरेवरून पेरत होते. मग कोपऱ्यात बी पोचेना म्हणून एक पाय चिखलात टाकला. मग दुसरा. माझ्या लक्षात आलं, की पायाखालचा चिखल त्यांच्या ओळखीचा आहे. पाय कसा सरकवायचा, टाच कशी आधी काढायची, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. गुडघ्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. शेताच्या मध्यावर पोचल्यावर त्यांनी तिला हाक मारली.

"अगं, तू तिथे उभी राहून काय करतेस? ही बाजू उरलीय. ये, पेर."

"शेतात पाय ठेवू?"

"ये म्हणतो ना!"

"व्हिडिओ बंद करू काय चालू ठेवू?"

"बंद कर," ते म्हणाले.

संध्याकाळी सुर्ल्याचा माणूस टिलर बघायला आला तेव्हा टिलर चिखलाने माखलेला होता आणि नवरा पाइप धरून तो धूत होता. त्याने माणसाला खुर्ची दिली, चहा द्यायला सांगितला आणि म्हणाला, "सध्या नाही विकत. उगाच तुम्हाला खेप पडली." मला त्याने याबद्दल आधी काही विचारलं नव्हतं, नंतरही काही बोलला नाही. मी जास्तीचा उंडा पाव कापून चहाबरोबर दिला.

दुसऱ्या दिवशी पाणी आमच्या शेतात उतरलं आणि आमचंही बी पडलं. मी सकाळी गेले तर पाटाच्या तोंडाशी आवाज येत होता. पूर्वी रोजचा होता तो आवाज, म्हणून त्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

दिरांच्या शेतात भात उगवलं तेही त्यांच्या पेरणीसारखंच उगवलं. कुठे दाटी, कुठे टक्कल. समोरची बाई दाट जागेतली रोपं उपटून मोकळ्या जागेत लावत राहिली आणि प्रत्येक रोपागणिक त्यांचा उद्धार करत राहिली. दीर दर रविवारी यायला लागले. आधी व्हिडिओसाठी आले. मग नुसतेच आले. मेरेवरून फिरायचे, खेकड्यांची भोकं बुजवायचे आणि मेर माझ्या नवऱ्याने कशी इकडे सरकवलीय यावर त्याच्याशी भांडायचे. जमीन पडीक होती तोवर दोघांना मेर कुठे आहे हेही माहीत नव्हतं. भांडण ऐकून मला बरंच वाटायचं.

वायंगण कापलं. आमचं नीट भरलं, त्यांचं टकलांमुळे थोडं कमी, पण गवतापेक्षा किती तरी बरं. ठरल्याप्रमाणे अर्धं म्हापशाला गेलं, अर्धं मजुरी म्हणून समोरच्या खोलीत. म्हापशाच्या बाजारात मी तांदूळ घेऊन बसले तेव्हा एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "मागच्या वर्षी तुझ्या वायंगणाच्या तांदळांनी कुठे तोंड काळं केलं होतं?" मी म्हटलं, पाटात.

आबांचा पुढच्या वर्षीचा कार्यक्रम अजून लांब आहे, भाषणाचं काय करणार ते दिरांनी ठरवावं. पण परवा संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"वहिनी, ती बाई पुढच्या वर्षी आहे ना?"

"असेल की. जाईल कुठे?"

"नाही, म्हणजे, ते वरच्या पडीक शेताचे मालक मला बँकेत भेटले. आमचं शेत बघून गेलेत. तिलाच विचारणार म्हणत होते. तू तिला सांगून ठेव ना, आमचं शेत सोडून दुसऱ्याचं धरू नको म्हणावं."

"मी कशाला? तुम्हीच सांगा."

"मी सांगितलं तर तिला वाटेल, आपल्यावाचून यांचं अडलंय."

"मग अडलेलं नाही का?"

 ती बाई तेव्हा माझ्याच अंगणात सुपाने भात पाखडत बसली होती. मी मोबाइल तिच्या कानाला लावला.

"बोला, सायबानू," ती म्हणाली. दिरांचं बोलणं तिने पूर्ण ऐकून घेतलं, सूप खाली न ठेवता. मग म्हणाली, "येतंय. वरच्यांचा पण करतलंय आणि तुमचा पण करतलंय, पाट एकच तर आसा. पण पेरतलास तुमीच ना? मग पाऊस सरल्यार आदी दोन दिवस माज्याकडे शिकाक येवा."